औषधवाल्या काकांचा चष्मा

औषधवाल्या काकांचा नियम सगळ्या गल्लीला पाठ होता: झोपेची गोळी हवी, तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. कुणी गयावया केली की काका खेकसायचे, "खोटी चिठ्ठी केलीत तर तुम्ही आत जाल, आणि मी ती चालवली तर मीही! वर दुकानाचा परवाना जाईल तो वेगळाच. डोकं फिरलंय का माझं?"

गेल्या महिन्यात डॉक्टर बाहेरगावी गेले आणि नेमक्या काकूंच्याच गोळ्या संपल्या. तीन रात्री ती माउली टक्क जागी होती. चौथ्या दिवशी काकांनी स्वतःच चिठ्ठी लिहिली, डॉक्टरांसारखीच वेडीवाकडी, आणि खाली त्यांची सहीसुद्धा ठोकून दिली. तेव्हापासून दुकानासमोर गाडी थांबली की ते हातातलं काम टाकून बाहेर डोकावायचे.

आज थांबलेल्या गाडीतून औषध निरीक्षक बाई उतरल्या. दुकानात जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी पुढ्यात ओढला.

"हे अक्षर मला काही लागत नाही. तुम्हीच वाचा."

काका चष्मा लावून, एकेक चिठ्ठी उजेडात धरून, अडखळत वाचू लागले. पाचव्या चिठ्ठीपर्यंत काचांवर घाम ओघळला, म्हणून चष्मा काढून ते पुसत बसले. तेवढ्यात बाईंनी सहावी समोर धरली. ही तरी झटपट उरकावी म्हणून काकांनी ती घडाघडा वाचून टाकली: नाव, गोळी, वेळ, सगळं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, चष्मा तुमच्या हातात आहे."