दाताची जड

अक्का मुखेडहून आली, तेव्हा तिच्याआधी तिचा वास घरात आला. लवंगेचा, जाळलेल्या तंबाखूचा, आणि त्या दोहोंच्या खाली काहीतरी साचून आंबल्याचा. पदराने डावा गाल झाकून ती दारातच उभी होती. ती माझी थोरली बहीण, सोळा वर्षांची. मी नऊ वर्षांची. मी धावत जाऊन बिलगणार, तोच ती मागे सरली.

"दुरून गं बाई, दुरून. वारं लागलं तरी ठणकायलंय."

नांदेडच्या त्या दोन खोल्यांत तेव्हा आई आणि मी, दोघीच राहत होतो. वडील महसुली कचेरीत कारकून; त्यांची बदली लातूरला झाली होती. उर्दू काय ती त्यांना येई. निजामी राजवटीत कचेरी, दवाखाना, शाळेचे वरचे वर्ग, सारे त्याच भाषेत चाले. आईची उर्दू मात्र भाजीच्या टोपलीपाशी सुरू होऊन तिथेच संपे.

अक्काने आपली हकिकत सांगितली ती हसत. खालची दाढ महिनाभर ठणकत होती आणि एका सकाळी अचानक गप्प झाली. गरम नाही, गार नाही, काहीच लागेना. त्या आनंदात तिने मारुतीला नारळ फोडला. पुढे हिरडीला गळू आले, तेव्हा आठवडी बाजारात दात उपटणाऱ्यासमोर तिला बसवले.

"अर्धी दाढ त्याच्या चिमट्यात गेली, अर्धी माझ्या नशिबात राहिली," ती म्हणाली. "सासूबाई म्हणल्या, तोंड एवढं सुजलं, पर जीभ काय आखडंना हिची!"

आईला हसू आले नाही. ती गालावरचा ताणलेला, चकाकणारा लाल रंग पाहत होती.

पुष्कळ वर्षांनी माझी स्वतःची दाढ अशीच ठणकून गप्प झाली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी मला एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. दाताच्या मुळांतून केसासारख्या बारीक नळ्या जातात, त्यांत नस असते. ठणका थांबला तो दात बरा झाला म्हणून नव्हे, नस मेली म्हणून. मेलेली नस आत कुजते आणि तो पू मुळाच्या टोकातून हाडात उतरतो. आता त्या नळ्या सुईसारख्या हत्यारांनी साफ करतात, भरतात, वरून बंद करतात. दात आपल्या जागी राहतो. मी बधिर तोंडाने ऐकत होते. अक्काने नारळ फोडला तो तिच्या नसेच्या मरणाचा दिवस होता, एवढेच मला त्या खुर्चीत कळत होते.

अक्का आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई आम्हा दोघींना घेऊन दवाखान्यात गेली. फिनाईलने पुसलेली फरशी पायांना ओली, थंड लागत होती. डॉक्टर हैदराबादकडचे, पांढऱ्या शेरवानीतले, सौम्य आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी अक्काच्या तोंडात दिवा धरला, हिरडी दाबली. अक्काने माझे मनगट असे आवळले की तिची नखे उमटली.

"जड अंदर रह गई है, बीबी," ते आईला म्हणाले. "जड निकलवाना ज़रूरी है. वरना पीप गले में उतरेगी. देर मत कीजिए."

आईने मान हलवली. "हाव, जड हाय. रात्रीपासून गाल लई जड झालाय म्हणती."

"जी हाँ, जड. वही निकलवाना है."

"घरी जाऊन करती की मी. लगेच करती."

"जी, घर में पूछ लीजिए," ते म्हणाले, आणि गुळण्यांसाठी गुलाबी पाण्याची बाटली दिली.

दोघांनाही वाटले, एकमेकांचे समजले. बाईमाणूस घरच्या पुरुषाला विचारून लेकीला परत आणील, असे त्यांनी धरले असावे. आईने धरले ते असे: गालात जडपणा राहिला आहे, तो बाहेर काढायचा आहे, आणि उशीर करायचा नाही.

म्हणून आईने उशीर केला नाही. ज्वारीचा कोंडा आणि जाडे मीठ तव्यावर भाजून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ती अक्काचा गाल शेकू लागली. दोन दिवस घरात भाजल्या कोंड्याचा गोडसर वास भरून राहिला. अक्का म्हणे, "बरं वाटायलंय, आई," आणि आई पुन्हा तवा तापवी. सूज गालावरून हनुवटीखाली उतरली. आईला वाटले, जडपणा उतरतो आहे. तिथले कातडे लाकडासारखे टणक झाले. मग अक्काला थुंकी गिळवेना. जीभ वर उचलली गेली; शब्द जाड, ओले येऊ लागले, आणि ती बोलायचीच थांबली.

तिसऱ्या दिवशी टांग्यातून तिला नेले. डॉक्टरांनी तिच्या गळ्याला हात लावला आणि आईकडे पाहिले.

"इतने दिन कहाँ थीं आप?"

"शेकत होते," आई म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसं."

त्यांना ते कळले नाही. त्यांनी हनुवटीखाली चीर देऊन पाहिली. तोवर तिचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला होता. दुपारची उन्हे खिडकीतून सरकायच्या आत तो वाजायचा थांबला. वडील लातूरहून पोचले ते तिसऱ्याच्या विधीला.

दोन वर्षांनी मी वरच्या वर्गात गेले. उर्दूच्या बाई फळ्यावर झाड काढून एकेका भागाचे उर्दू नाव सांगत होत्या: पानाचे, फांदीचे, खोडाचे. खडू जमिनीखाली गेला आणि त्यांनी मुळांच्या त्या वेड्यावाकड्या रेषांखाली लिहिले, जड. सारा वर्ग ते एका सुरात म्हणाला. माझा हात मनगटावर, अक्काची नखे उमटली होती तिथे गेला.

त्या हिवाळ्यात, ज्वारी पाखडता पाखडता आईनेच विचारले.

"तुला आता उर्दू येती. ऐकलं होतंस ना तू? त्या डागदरानं सांगितलं तसंच केलं ना गं मी?"

सूप तिच्या हातात थांबले होते.

"हो, आई. तसंच केलंस."

तिने मोठा श्वास सोडला. दोन वर्षांत मी तिला असा श्वास सोडताना पाहिले नव्हते. मला वाटले, मी तिला काहीतरी दिले.

महिन्याभराने शेजारच्या सोनारांच्या सुनेचा गाल सुजला. आई लगबगीने उठली. तिच्या चालण्यात जुना जोर आला होता. "डागदरानं सांगितलेला शेक हाय," ती भिंतीपलीकडे ओरडून म्हणाली, "आलेच मी!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरी, तवा ठेव."

खरे सांगायचे तर 'तसंच केलंस' हे माझे दोन शब्द तिच्याकडून हिरावून घ्यावे लागले असते. मी चूल फुंकली आणि तवा ठेवला.