एकदाच दिलेला सल्ला

"हात दाखव बरं, भिया."

समोर आलेल्या प्रत्येक पोराला मिस्त्रीकाका आधी इंदुरी थाटात हेच म्हणायचे. नवखं पोरगं समजायचं, काका भविष्य सांगतात. लाजत तळहात पुढे करायचं. काका रेषांकडे बघतसुद्धा नसत. नखं बघत, बोटांची टोकं बघत. "ही शाई कसली? नकाशे काढतोस?" नाहीतर, "ये जला कैसे? घरचा रेडिओ खोलतोस ना?" मग पोरगं जे बोलायला लागायचं, ते तासभर थांबायचं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काका मिलच्या कताई खात्यात होते. मिलला टाळं लागलं, तेव्हा त्यांनी पोलोग्राउंडला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकानापुढच्या बाकावर पंपांपेक्षा पोरंच जास्त.

त्याच सुमारास मी तुकोगंजमध्ये करिअर मार्गदर्शनाचं ऑफिस थाटलं होतं. मानसशास्त्रातलं एम.ए., पुण्याहून मागवलेल्या चाचण्या, काचेचं टेबल, फिरती खुर्ची. मिलवाल्यांच्या मुलांना आता बापाची जागा मिळणार नव्हती. दुसरीकडे पीथमपूरला नवे कारखाने येत होते, गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. यातल्या कुठल्या दारातून आत शिरायचं, हे सांगणारा इंदुरात मी एकटाच, अशी माझी खात्री होती.

मुलं माझ्याकडे येत, शंभर प्रश्नांचा फॉर्म भरत, आणि उठताना म्हणत, "सर, एकदा मिस्त्रीकाकांनाही विचारून घेतो."

ते वाक्य मला झोंबायचं. एका मुलाला मी बँकेच्या परीक्षा सुचवल्या. काकांनी त्याला आठ दिवस एका सुताराकडे बसवलं. वर्षभराने तो रस्त्यात भेटला, फर्निचरच्या दुकानात कामाला लागला होता. इतका खूश होता की मला राग आला.

शेवटी एका दुपारी मी दुकानात गेलो आणि सरळच म्हणालो, "काका, तुम्ही पोरांच्या आयुष्याशी खेळताय. सल्ला देणं हे शास्त्र आहे."

त्यांनी मला बाकावर बसवलं, चहा मागवला.

"मी सल्ला देतच नाही, सर. आधी जाऊन काम बघून ये, इतकंच सांगतो. सल्ला एकदाच दिला, माझ्या मुलाला. त्याला ड्राफ्ट्समन व्हायचं होतं. मी म्हटलं, पागल आहेस का, मिलची नोकरी पक्की असते. साहेबांच्या हातापाया पडून त्याला चिकटवला. आता मिलच राहिली नाही. तो सुरतेला असतो. चिठ्ठी आईच्या नावाने येते."

मी चहा संपवून निघालो. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? पण परत येताना वाईट वाटण्याच्या तळाशी एक गारवाही होता. त्या माणसाचं काहीतरी चुकलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

पंधरा दिवसांत एक पालक माझ्यासमोर काकांचं कौतुक करू लागले. मी ऐकत राहिलो, आणि मग म्हणालो, "त्यांच्या स्वतःच्या मुलाचं काय झालं, तेही विचारा एकदा."

एवढंच. वस्तीत तेवढं पुरलं. बाकावरची पोरं कमी होत गेली.

एक दिवस वंदना नावाची मुलगी माझ्याकडे आली. तिचे वडीलही मिलमधलेच. तिला नर्सिंगला जायचं होतं. म्हणाली, "मिस्त्रीकाकांनी पाठवलं. बोलले, आता तुकोगंजवाल्या सरांकडे जा, ते पढे-लिखे आहेत."

मी मान खाली घालून फॉर्म पुढे केला. तिने तो भरला आणि विचारलं, "सर, मला हॉस्पिटल दाखवायला तुम्ही नेणार ना? काका न्यायचे."

त्या रविवारी मी पोलोग्राउंडला गेलो. माफी मागायची होती. दुकानाच्या जागी प्लास्टिकच्या बादल्यांचं गोदाम होतं. शेजारच्याने सांगितलं, "वो तो चले गए भिया, बायकोला घेऊन. कुठे, ते नाही सांगितलं."

सोमवारी मी वंदनाला घेऊन एका ओळखीच्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात गेलो. भाजलेल्या बाईचं ड्रेसिंग चाललं होतं. पट्टी सुटू लागली तशी मलाच भोवळ आली.

"सर, तुम्ही बाहेर बसा," वंदना म्हणाली. मला खुर्चीत बसवून, पाण्याचा पेला हातात देऊन ती आत गेली. पुष्कळ वेळ आली नाही.

आली तेव्हा चेहरा घामेजलेला, पण उजळलेला होता. "मी त्यांचा हात धरून ठेवला होता, सर. शेवटपर्यंत. हेच करायचं मला." आणि श्वासही न घेता म्हणाली, "मिस्त्रीकाकांना सांगायला हवं!"

तेव्हासुद्धा मला झोंबलंच. ते निघून गेल्याचं तिला अजून कळलं नव्हतं.

"सांगतो मी," मी म्हणालो.