लक्ष्मीचा सा

पुण्यातल्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला माझी मैत्रीण लक्ष्मी मुद्दाम सोलापूरहून आली होती. कार्यक्रम संपल्यावर पालक, ट्रस्टी, मुख्याध्यापिका सगळे मुलांच्या समूहगीताचं कौतुक करत होते आणि मी संगीतशिक्षिका म्हणून नम्रपणे मान डोलवत होते. नम्रपणा मला चांगला जमतो. लक्ष्मी मात्र स्टेजच्या पायऱ्यांशी थांबली होती. गर्दी पांगल्यावर तिने शेंगाचटणीची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "समदं लई छान झालं सुवार्ता. पण मागच्या रांगेतली ती उंच पोरगी गात नव्हती की. नुसतं तोंड हलवत होती." मी म्हटलं, "अगं, बेसूर आहे ती. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, काय करू?" तिने बशीत ओतून, फुंकर घालून चहा घेतला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. एरवी घरी पोचल्यावर तिचा फोन यायचा, त्या दिवशी आला नाही. मीही केला नाही. दोघीही हट्टी... आठ महिने तसेच गेले.

मग एका मंगळवारी, ऐन परिपाठाच्या वेळी, तिच्या धाकट्या भावाचा, श्रीनिवासचा फोन आला. "अक्का गेली ओ," एवढंच तो म्हणाला. घरात तेलुगू बोलणारी ही विणकर माणसं, मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. डेंग्यू झाला होता, आठ दिवस दवाखान्यात होती, मला कुणी कळवलं नव्हतं. का कळवलं नाही, हे विचारायचा हक्क मी स्वतःच घालवला होता. समोर मुलं प्रार्थनेला उभी होती. मी पेटी वाजवली, मुलं गायली, आणि त्या सबंध वेळात मला फक्त मागची रांग दिसत होती.

आम्ही दोघी सोलापूरच्याच. माझे पप्पा चर्चच्या शाळेत शिक्षक. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आमच्या ओसरीवर पेटीचा वर्ग घ्यायचे, कुणाही मुलाला मज्जाव नसे. तिथे ती आली, दोन वेण्या घातलेली, विणकरांच्या पूर्व भागातून चालत. पप्पा म्हणायचे, "पोरीची बोटं सोन्याची आहेत, गळ्याचं मात्र देवाला ठाऊक." बारावीनंतर मी दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात शाळेत संगीत शिकवण्याच्या पदवीला जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. लक्ष्मीने मात्र माझ्याबरोबर यायचं ठरवलं आणि त्यांच्या गल्लीत एकच गोंधळ उडाला. पॉवरलूमवर चादरी विणणाऱ्याची पोरगी, ती एवढ्या लांब जाणार आणि शिकणार काय, तर गाणं! तिच्या वडिलांनी, नानांनी, सगळ्यांचं ऐकून घेतलं. खरं तर त्यांना फारसं ऐकूच यायचं नाही. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. "जाऊ द्या की," ते मोठ्याने म्हणाले, "मास्तरीण हुईल."

विद्यापीठात सकाळी साडेसातला चॅपलमध्ये प्रार्थना असे आणि आम्हा संगीतवाल्यांना तिथल्या गायनवृंदात, क्वायरमध्ये, गाणं सक्तीचं. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहायचो. मी लहानपणापासून चर्चमध्ये गायलेली, त्यामुळे माझा आवाज उंच, पातळ आणि जरा मिजासखोर. लक्ष्मी गुरुवारचा उपवास धरून चॅपलमध्ये यायची आणि तितक्याच भक्तीने येशूची गाणी गायची... म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. तीन महिने मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते आणि तिच्या तोंडून एकही स्वर बाहेर पडत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला माझाच आवाज ऐकायची इतकी सवय होती!

ते उघडकीला आलं परीक्षेत. स्वर ऐकून लिहायची आमची परीक्षा असे. मॅडम पियानोवर सुरुवातीला एक स्वर वाजवून त्याचं नाव सांगत, मग एक धून वाजवत आणि आपण ती कागदावर उतरवायची. लक्ष्मीचा निकाल लागला शून्य. एकूणएक स्वर चूक. आमच्या मॅडम म्हाताऱ्या, बारीक चणीच्या आणि शिस्तीला कडक, पण त्यांना हे शून्य काही पचेना. त्यांनी तिला बोलावलं, तिचा कागद पियानोवर ठेवला आणि जसा लिहिला होता तसा वाजवला. धून जशीच्या तशी उमटली, फक्त बरीच खाली! घोळ असा होता की आम्ही पेटीवर शिकलेली मुलं. आमच्याकडे सा ठरलेल्या जागी नसतो, ज्याचा गळा जिथे बसतो तिथे त्याचा सा. लक्ष्मीने मॅडमनी सांगितलेला स्वर सोडून दिला होता आणि सगळं आपल्या 'सा'च्या हिशेबाने लिहून काढलं होतं. "इतकं खाली का लिहिलंस?" मॅडमनी विचारलं. मी दाराशीच उभी होते. लक्ष्मी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मला ते तिथेच ऐकू येतं. "मग तिथेच गाऊन दाखव," मॅडम म्हणाल्या. त्यावर ती रडायलाच लागली.

मग सगळं बाहेर आलं. ती पाचवीत असताना शाळेच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, तुझा आवाज फुटका आहे, तू नुसते ओठ हलव. शाळेची पेटी कायम पहिल्या काळ्या पट्टीवर, काळी एकवर लागायची आणि हिचा गळा बसायचा खालच्या सप्तकातल्या पांढरी चारवर, म्हणजे खूपच खाली. वरच्या पट्टीत ओढून गायला गेली की आवाज फाटायचा. तेव्हापासून प्रार्थनेत, पंधरा ऑगस्टला, गणपतीत, सगळीकडे तिने तोंड तेवढं हलवलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पांढरी चारचा स्वर धरून ठेवला. बऱ्याच वेळाने लक्ष्मी गायली. तो आवाज कसा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. भरलेल्या घागरीवर थाप मारावी तसा, जड आणि गार. मॅडम म्हणाल्या, "मुली, तू बेसूर नाहीस. तू आल्टो आहेस." आल्टो म्हणजे बायकांच्या गाण्यातला खालचा आवाज. दुसऱ्या दिवशी तिला क्वायरमध्ये त्या रांगेत नेलं आणि माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

वर्षाच्या शेवटी कार्यक्रम झाला तेव्हा नाना एवढा प्रवास करून आले, पांढरी टोपी, काखेत पिशवी. आम्ही साठ जणं चार आवाजांत गात होतो. नंतर मी त्यांना मोठ्याने विचारलं, "नाना, काय ऐकू आलं?" ते म्हणाले, "तुमचं वरचं काय बी आलं न्हाय बग पोरी. हिचं तेवढं आलं." मागांच्या आवाजाने त्यांचे वरचे स्वर नेले होते, खालचे शिल्लक होते. लक्ष्मी त्यांच्या पिशवीत तोंड घालून चटणी शोधत बसली, बराच वेळ.

दुसऱ्या वर्षी पाठ घ्यायला आम्हाला जवळच्या शाळेत पाठवत. माझ्या पाठाला परीक्षक येणार होते आणि एक मुलगी गाताना सारखी भलत्याच सुरात जात होती. मी हळूच तिला म्हणाले, तू आज नुसते ओठ हलव. लक्ष्मी मागच्या बाकावर बसून माझ्या पाठाची टिपणं काढत होती. मला उत्तम गुण मिळाले आणि लक्ष्मी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मेसमध्ये भाताचं ताट घेऊन समोर येऊन बसली. "सुवार्ता, माझं सगळं ठाऊक असून तू हे केलंस," ती म्हणाली, "पुन्हा न्हाय ना करणार?" मी नाही म्हटलं. तेव्हा मनापासूनच म्हटलं होतं.

पदवीनंतर ती सोलापूरला परतली, पूर्व भागातल्या एका साध्या शाळेत लागली आणि तिथेच राहिली. मी पुण्यात आले. मला मोठी शाळा मिळाली, वातानुकूलित संगीतकक्ष मिळाला, स्पर्धा आणि ढाली मिळाल्या. ढाली मिळवायच्या तर मागची रांग गप्प ठेवावी लागते, हे कुणी शिकवावं लागत नाही. मी तिला तो शब्द दिला होता, हे मी विसरले. ती विसरली नव्हती. त्या दिवशी बशीतल्या चहावर फुंकर घालताना ती माझ्यासाठी थांबली होती, हे आता कळतं. मी एवढंच म्हणायचं होतं... चुकलं गं. आता हे कुणाला म्हणू?

मागच्या आठवड्यात नानांना भेटायला सोलापूरला गेले, तेव्हा तिच्या शाळेतही गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "गाण्याच्या तासाला आता कोणी नाही. आलाच आहात तर पाचवीला काहीतरी म्हणायला लावा." वर्गात पेटी कापडाखाली होती. मी सवयीने काळी एक धरली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली, कौसर तिचं नाव. "बाई, हितनं न्हाय. आदी सांगा, आज कुणाचा सा?"

मला कळेना. मग साऱ्या वर्गाने एकदम बोलून मला समजावलं. हजेरीच्या नंबराने रोज एका मुलाची पाळी असायची. त्याने आपल्या गळ्यातला सा द्यायचा, बाईंनी तो पेटीवर शोधायचा आणि सबंध वर्गाने त्या दिवशी त्याच्या 'सा'वरून गायचं. कुणाला उंच पडो, कुणाला खाली, त्या दिवशी तो एक जण सुरात. "आज कुणाची पाळी?" मी विचारलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कौसर म्हणाली, "आज आमच्या बाईंचा घिऊ की. पांढरी चार."

मी पांढरी चार धरली. लक्ष्मीनेच रचलेलं भाजीबाजाराचं गाणं मुलांनी सुरू केलं. एवढ्या खाली त्यांचे कोवळे गळे पोचत नव्हते. कुणी घोगरं, कुणी गुरगुरत, पण चाळीसच्या चाळीस जण गात होते. मीही तोंड उघडलं. माझा तो उंच, मिजासखोर आवाज तिथवर उतरेना. ओठ तेवढे हलत राहिले.

गाणं संपल्यावर कौसर पेटीपाशी आली आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाली, "बाई, तुमचा आवाज आला न्हाय."

"मला इतकं खाली जमत नाही गं," मी म्हटलं.

"मग उद्या या की," ती म्हणाली. "उद्या तुमचा सा घिऊ."

माझ्या पर्समध्ये त्याच दुपारच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट होतं. "उद्या येते," मी म्हणाले.