कोंडामावशीची वाकडी रेघ

कोंडामावशी म्हंजी माझ्या मायची थोरली बहीन. लोहा तालुक्यात वढ्याच्या काठाला तिचं गाव. तिला जाऊन आता नऊ महिने झाले. मी त्या दिवशी धर्माबादेत मिरचीची पोती उतरवून राहिलो होतो, गावात नव्हतो. म्हनून जे सांगतो ते मावशीचा पोरगा आदर्शदादा, सून लुंबिनीवैनी आन शेजारची सरजाबाई, या तिघांनी सांगितलेलं हाय. सरजाबाई तर रोजच सांगते. तिला थांबवता येत न्हाई.

मावशीनं शाळंचं तोंड बघितलं न्हाई, पन गावची जमीन तिला तोंडपाठ होती. कुठं मुरूम, कुठं काळी, कुठं पाय ठेवला की पचकन आत जातो, सगळं. चाळीस वर्सं खुरपलं तिनं त्या शिवारात, सरजाबाईच्या जोडीनं. दोघींची पात शेजारी शेजारी, दोघींची भाकर एकाच फडक्यात. मावशीचा नवरा व्यंकटी लवकर गेला, सरजाबाईचा तर त्याच्याही आधी. मावशीला आदर्श तरी होता. सरजाबाईला एक शेळी आन ही कोंडी, माझी मावशी, बस.

आदर्शदादाला घरकुल मंजूर झालं तवा मावशीनं गल्लीभर बत्तासे वाटले. पन पाया खोदला त्या दिवसापासून तिला घास गोड लागला न्हाई. हातभर खाली गेलं न गेलं तर रेती लागली. चांगली दानेदार रेती. आदर्शदादा नाचायलाच लागला.

"माय, बग की! रेती विकत आनायची गरजच न्हाई. घरातल्या घरात खान लागली!"

पायातली रेती काढली आन त्याच घराच्या भितीला लावली. शेजारच्या पाच घरांनी बी तेच केलं. गावात लई कौतुक झालं, नव्या आबादीचं, म्हंजी या नव्या वस्तीचं, नशीबच न्यारं म्हनून. मावशीनं खड्ड्यातला एक गोटा उचलला आन हातात फिरवत बसली. गुळगुळीत, अंड्यासारखा. असा गोटा पान्याशिवाय कोन घडवतं? नवी नवरी होऊन आली तवा ती इथंच धुनं धुवायची. वढा इथूनच जायचा. मंग कवातरी मशीन आलं, वढा शेताच्या कडंनं सरळ केला, जुनी वाट बुजवून सपाट केली, वर घरं बसली. लोकं इसरले. ती इसरली न्हाई, पन तोंडातून शब्द काढला न्हाई. कसा काढंल? जन्मात पहिल्यांदा पक्क्या भिती उठून राहिल्या होत्या.

दोन वर्सं अशी गेली. शेजारच्या गावात पानी शिरलं, ढोरं वाहून गेली, आन नांदेडहून एका संस्थेच्या उज्वला मॅडम आल्या. गावानंच आपला पुराचा आराखडा करायचा म्हनल्या. शाळंच्या पटांगनात समदे जमले. मॅडमनी रांगोळीच्या पुड्या खाली ठेवल्या. पांढरी, लाल, निळी.

"बायांनो, तुमचं गाव तुम्हीच काढा. मला इथलं काही माहीत नाही."

"मंग आलात कशाला?" मागून कोनीतरी म्हनलं. लई हसले.

पांढऱ्यानं रस्ते झाले, लाल ठिपक्यानं घरं झाली. सरपंच शेषेरावांच्या पुतन्यानं, सुदर्शननं, निळ्या रांगोळीनं वढा काढला, फूटपट्टीनं काढावा तसा सरळ. मावशी उकिडवी बसून बघत होती. बघता बघता म्हनली, "हे खोटं हाय."

"काय खोटं हाय, कोंडाबाई?" शेषेराव म्हनले.

"हा वढा आपन केलेला, सरपंच. लई पानी आलं की ते हितून जानार न्हाई. त्याला त्याची जुनी वाट माहीत हाय."

आन तिनं मूठभर निळी घेतली आन नव्या आबादीतून रेघ ओढायला लागली. पहिलंच घर आदर्शचं.

"माय!" आदर्शदादा वरडला. "डोकं फिरलं का तुझं? आपलंच घर बुडवून राहिली!"

"मी कुठं बुडवते बापा. मी दावते नुस्तं."

"म्हातारीचं वय झालं," सुदर्शन म्हनला. "पुरावा काय?"

"घरी जा आन आदर्शच्या भितीला नख लाव. रेती कुठली हाय ती?"

सहा घरचे सहा जन एकमेकाच्या तोंडाकडं बघायला लागले. शेषेराव तेवढं हळूच म्हनले, "रेघेत आलेली घरं कागदावर धोक्याची होतील बरं. पुढं घरकुल मिळंल का न मिळंल, मला इचारू नका." मॅडम म्हनल्या, तसं काही नसतं, ही यादी फक्त आधी कोणाला हलवायचं त्यासाठी. पन एकदा का अशी गोष्ट कानात शिरली, की ती निघत न्हाई.

रेघ सरकत सरकत शेवटाला आली. तिथं जुन्या आडाजवळ सरजाबाईचं घर. मातीच्या भिती, वर पत्रा. मावशीचा हात तिथं आला आन सरजाबाईनं तिचं मनगट धरलं, कानाशी तोंड नेलं.

"कोंडे, थांब. माझं नाव आवंदा घरकुलाच्या यादीत आलंय. बारा वर्सानं. तुझं घर बांधून झालं, माझं न्हाई झालं."

"अगं पन पानी..."

"पानी येईल तवा येईल. माझ्या गळ्याची आन हाय तुला. मंजुरी येऊ दे, मंग तूच सरळ कर रेघ."

मावशीचा हात तसाच हवेत. चिमटीतून निळी रांगोळी सांडून राहिली. मंग तिनं रेघ दोन बोटं बाजूला घेतली, सरजाबाईच्या घराला वळसा घालून पुढं नेली.

"मावशी, इथं ओढा वळलाय का?" मॅडमनी इचारलं.

"हाव. वळलाय."

मॅडमनी फोटू काढला. पुढल्या आठवड्यात तोच नकाशा मोठ्या कागदावर होऊन ग्रामपंचायतीच्या भितीला लागला. वळसा त्यात लई झ्याक दिसायचा.

आराखडा ठरला. पुलाच्या खांबाला खालून वर तीन पट्टे मारले, पांढरा, पिवळा, लाल. पानी पिवळ्याला लागलं की नव्या आबादीतल्या सहा घरांनी शाळंत जायचं. सत्तावीस मानसं. कोन म्हाताऱ्याला उचलंल, कोन लेकरं घेईल, घरागनिक एक एक तरना गडी नेमला. नावं वाचायचा जिम्मा लुंबिनीवैनीचा. आन खांबावर नजर ठेवून गल्लीला सावध करायचं काम मावशीचं. संस्थेनं शिट्टी दिली होती. पन मावशीचे पुढचे दोन दात गेलेले, शिट्टीतून नुसती हवाच निघायची.

"कोंडाबाई कंडक्टर झाली, पन गाडी हलंना!" पोरं चिडवायची.

मंग तिनं पितळी ताट आन लाटनं घेतलं. त्याचा आवाज शिवारापल्याड जायचा.

पाऊसकाळ सुरू झाला आन मावशी बदलली. दिवसातनं आठ आठ डाव खांबावर जाऊन यायची. जेवता जेवता उठायची. एकदा तर पांढऱ्यालाच ताट वाजवलं, समदे धावत शाळंत, आन पानी लगेच उतरलं.

"कोंडाबाई, माझा भात करपला तुझ्यापायी," बाया म्हनल्या. "आता पूर आल्याबिगर वाजवू नको."

खरी फिकीर तिला सहा घरांची नव्हतीच. त्यांचं ठरलेलं होतं. ती रोज दिवस मावळायच्या आत सरजाबाईकडं जायची, भितीला हात लावून बघायची.

"ओल वर चढलीया, सरजे. ताट वाजलं की तू बी येत जा शाळंत."

"मी कशाला? माझ्याकडं वढा वळलाय न्हाई का?" सरजाबाई हसायची. मावशीला हसू यायचं न्हाई.

"मंजुरीचं काय झालं?"

"यायलीया म्हनतात."

एकदा मावशीनं लुंबिनीवैनीला मॅडमला फोन लावायला सांगितला. "मॅडम, तो नकाशा बदलता येतो का?"

"येतो की, मावशी. का, काही चुकलंय का?"

मावशीनं एकडाव सरजाबाईच्या घराकडं बघितलं. मंग म्हनली, "न्हाई, असंच इचारलं," आन फोन परत दिला. लुंबिनीवैनी म्हनते, त्यावेळी मी इचारायला पायजे होतं. पन चुलीवर दूध होतं.

पोळा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पावसानं जे धरलं ते सोडंचना. दुपारी तीनच्या सुमाराला मावशी खांबावर गेली तर पिवळा पट्टा गायब, पानी लालला टेकलेलं. ती ताट वाजवत गल्लीत आली. पहिल्यांदा सरजाबाईचंच दार वाजवलं.

"चल, चल भाईर!"

"शेळी व्यायला झालीया कोंडे! अर्धं पिल्लू भाईर हाय. सुटली की आलेच, तू हो पुढं."

मावशीला पुढं सहा घरं होती. ती गेली.

आन खरं सांगतो, जसं ठरवलं होतं तसंच झालं समदं. ज्यानं त्यानं आपआपलं मानूस उचललं. शाळंच्या वट्यावर लुंबिनीवैनीनं यादी वाचली. सत्तावीसच्या सत्तावीस. तवर खाली नव्या आबादीत पानी शिरलं होतं, जिथनं मावशीनं रेघ काढली तिथनंच. लोकं बघत राहिले. शेषेराव सोता म्हनले, "कोंडाबाई, मानलं बरं तुला." मॅडमचा फोन आला, सगळे आले का? लुंबिनीवैनी म्हनली, "हाव मॅडम, यादी पुरी झाली."

मावशी वलीचिंब, दाराकडंच बघून राहिली होती.

"सरजा कुठंय?"

"सरजाबाई आपल्या यादीत न्हाई, आत्याबाई," लुंबिनीवैनी म्हनली.

मावशी मटकन खाली बसली. आन तशीच उठली. "रेघ मी वाकडी काढली रे आदर्श. वढा तिच्या घरातूनच जातो."

आदर्शदादा तसाच निघाला. सुदर्शननं कासरा घेतला, दोघं पान्यात उतरले. मावशीला म्हनले हितंच बस. ती बसनार होती व्हय? गल्लीत कमरंएवढं पानी. रस्ता न्हाई, नाली न्हाई, सगळं एकच गढूळ. आन सरजाबाईच्या वाटंला तो जुना आड, कठडा नसलेला. पान्याखाली कुठंय ते कोनाला दिसंना. मावशीला माहीत होतं, तिनं दोघांना पुढं काढून दिलं. आडाच्या कडंला शिंदीचं झाड होतं, तिनं त्या झाडाला एक हात घातला आन ताट खोडाला दाबून दुसऱ्या हातानं लाटनं मारायला लागली.

"येताना आवाजाच्या उजव्या अंगानं या! उजव्या अंगानं!"

सरजाबाई बाजंवर उभी होती, पिल्लू लुगड्यात बांधलेलं. आदर्शदादाला बघून म्हनली, "माझं घर रेघेत न्हाई ना रे?" काय म्हनायचं सुचलं न्हाई म्हनून तसं म्हनले, असं आता सांगते आन तोंडात मारून घेते. आदर्शदादानं तिला पाठीवर घेतलं. शेळीचं दावं सुदर्शननं धरलं होतं, ते सुटलं. पावसात पुढचं दोन हात दिसत नव्हतं. नुस्तं टन्, टन्, टन्. त्या आवाजावर ते चालत होते.

वीस पावलं राहिली असतील. वरच्या अंगाला कुठलातरी बांध फुटला. पानी एकदम छातीला आलं, आन ताट बंद झालं.

"माय!" आदर्शदादा वरडला. "माय गं!"

काहीच न्हाई. पाठीवर सरजाबाई, गळ्यात तिचे हात. जिथं आवाज बंद झाला, त्या जागंच्या उजव्या अंगानं ते गेले. दुसरी निशानीच नव्हती. आड चुकला. भाईर निघाले.

मावशी दुसऱ्या दिवशी पुलाच्या खाली बाभळीच्या जाळीत घावली. ताट घावलंच न्हाई.

सरजाबाईचं घर त्याच दिवशी बसलं. ती आता आदर्शदादाकडंच असते. पिल्लू जगलं. दिवाळीत तिची मंजुरी आली. कागद घेऊन आलेल्या मानसाला म्हनली, "आता काय करू हे घेऊन?" आन दारातच बसून राहिली.

पंधरा दिवसामागं मॅडम परत आल्या, नकाशा नवा करायला. पुन्ना पटांगन, पुन्ना रांगोळी. निळी पुडी कोनी उचलंना. मंग सरजाबाई उठली, गुडघे धरत धरत बसली, आन रेघ सरळ काढली. आपल्या पडक्या घरातून नेली, आडावरून नेली, पुढं न्यायला लागली. पुढं गुरुपादप्पाचा नवा गोठा. तिथंच त्याच्या पोराचं घर. गुरुपादप्पा म्हातारा मानूस, वाईट न्हाई. हळूच म्हनला, "सरजाबाई, माझ्या गोठ्याला जरासं, बोटभर, बाजूनं..."

सरजाबाईनं मान वर केली. रागावली न्हाई. आपल्या हातातली निळी रांगोळी त्याच्या हातावर सांडली आन म्हनली, "घ्या. तुमच्या हातानं वळवा."

गुरुपादप्पा ती मूठ घेऊन उभा राहिला. मंग खाली बसला आन गोठ्यातून सरळ रेघ नेली. रेघ जरा जाड झाली, लुंबिनीवैनी सांगत होती.

आज सकाळपासून धर्माबादेत आभाळ भरून आलंय. लोह्याकडं लई काळं दिसून राहिलंय. दोनदा आदर्शदादाला फोन लावला, उचलंना. तिसऱ्यांदा लुंबिनीवैनीनं उचलला.

"सरजाबाई खांबावर गेल्यात, भावजी," ती म्हनली. "दुसरं ताट घेऊन. हे त्यांच्या मागं गेलेत."

"पानी कुठवर हाय?"

"अजून पांढऱ्याच्या खाली हाय. पन त्या सकाळपासून जेवल्या न्हाईत."