दादाला एकट्याने उचलता येईल अशी गाडी

माझा मोठा भाऊ पिंपळगाव राजा या गावी शेती करतो. मी मलकापूरला हायवेच्या कडेला गाड्या दुरुस्त करतो. दादाला लकवा मारला, डावा हात निम्मा गेला, आणि त्या दिवसापासून मला कशाचं काही वाटेनासं झालं. दुःख झालं असतं तर बरं, निदान रडून मोकळा झालो असतो. तसं काही झालं नाही. जेवायचो, नटांवर पाने फिरवायचो, झोपायचो. बायको म्हणायची, तुमच्यापेक्षा गॅरेजमधला कॉम्प्रेसर बरा, निदान आवाज तरी करतो.

दादाचं शेत नाल्यापलीकडे. मधली वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात तो चिखल चाकाला चिकटतो, मडगार्डखाली भरतो आणि चाक जागच्या जागी अडकतं. दादा त्या वाटेवर रोज कुठेतरी मोटरसायकलसकट पडायचा. पडण्याचं त्याला काही नव्हतं. पण गाडी उचलायला दुसरं माणूस लागायचं, ते त्याच्या जिवावर यायचं.

आमच्याकडे पडलेली गाडी ज्याची त्याला उचलू देत नाहीत. दोन शेतं पलीकडचा माणूस हातातलं काम टाकून धावत येतो. एक जण चावी बंद करतो, एक हँडल सरळ करतो, एक पाणी पाजतो, आणि उरलेले सगळे गाडी कशी चालवावी ते सांगतात. मग कोणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चूल पेटते आणि चहा होतो. एकदा दादा मला म्हणाला, "मले काही भारी गाडी नको. फक्त पडली का मले एकट्याले उचलता आली पायजे. दुसऱ्याले हाक माराची लाज वाटते बे."

म्हणून मी ती करायला घेतली. आवड म्हणून नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं.

आधी जुन्या मोटरसायकलचा सांगाडा घेऊन पाहिला. लेगगार्ड काढलं, मोठं स्टँड कापलं, साडीगार्ड काढलं, तरी दादाला ती जमिनीपासून वीतभर वर येईना. मग तो सांगाडा भंगारात टाकला आणि मोपेडचं इंजिन घेतलं, कारण त्याला हातानं दाबायचा क्लच नसतो. बारीक पाइप वाकवून नवा सांगाडा केला. चाकं मोठी, टायर खाचांचे, मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर. वजन करायला ओळखीच्या कापूसवाल्याच्या काट्यावर नेली. तो म्हणाला, "ओला कापूस याच्याहून जड भरते." मी हसलो नाही. त्यालाच कसंतरी झालं आणि त्याने चहा मागवला.

शेवटी सीटच्या खाली उजवीकडे एक लोखंडी कडी बसवली. आडव्या गाडीला पाठ लावायची, उजव्या हाताने कडी धरायची आणि पायांनी मागे रेटायचं. डाव्या हाताला काही काम नाही. गॅरेजच्या फरशीवर दादाने ती उचलून दाखवली. फरशीवर काय, कोणीही उचलेल. चिखलात उचलली तर खरं.

दादाने गावात सांगून ठेवलं होतं, त्यामुळे गाडी गावात नेली त्या दिवशी नाल्यापाशी बरीच माणसं जमली. कोणीतरी हार आणला, वहिनीने पेढे वाटले, पोरांनी मोबाइल वर धरले. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याने स्वतःची एक गाडी केली होती. मी मनात चाचपून पाहिलं. अभिमान नव्हता, धाकधूकही नव्हती.

दादा वाटेला लागला. चाक अडकलं नाही. नाल्याच्या चढावर मात्र मागचं चाक घसरलं आणि तो गाडीसकट आडवा झाला. सगळे धावले, मीही धावलो. पण मी पुढे जाऊन दोन्ही हात पसरले आणि ओरडलो, "कोनी हात लावू नका!"

एक म्हातारा माझ्या अंगावरच आला. "काऊन बे, सख्ख्या भावाले चिखलात पडू देतं? मानूस हायेस का कोन?"

मी हात खाली केले नाहीत. दादाने पाठ लावली, कडी धरली, पाय घसरला. परत धरली, परत घसरला. वहिनीने तोंडाला पदर लावला. मग त्याने टाचा चिखलात रुतवल्या आणि गाडी त्याच्या पाठीमागे हळूहळू उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. दादा रडत होता. मी सायलेन्सरमध्ये चिखल गेला का ते पाहत होतो.

तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. लोक गॅरेजवर येऊन गाडी मागू लागले. मी आणखी काही तशाच केल्या.

दिवाळीनंतर सहज म्हणून शेतावर गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी धुऱ्यावर बसलो होतो. दादा नाल्याकडून येताना चढावर पडला. पलीकडच्या शेतात दोघं फवारणी करत होते. त्यांतल्या एकाने पंप न उतरवताच हाक दिली, "भाऊ, उचलता ना?" दादाने पडल्या पडल्याच हात वर केला. ते परत फवारायला लागले. दादाने पाठ लावली, गाडी उभी केली, माझ्याजवळ येऊन बसला. दम लागला होता त्याला.

"एकदम मस्त उचलली," मी म्हणालो.

"हाव." मग त्या दोघांकडे पाहत तो म्हणाला, "पहिले पडलो का चार जन येत. बसत, चहा पेत, इकडचं तिकडचं सांगत. लाज वाटे, पन येत. आता मी दिवसभर इथं असतो, कोनीच येत नाई. सगळ्याईले मालूम हाये, हा उचलते म्हनून."

मला वाईट वाटलं. दादाला लकवा मारला त्यानंतर पहिल्यांदाच काही वाटलं, आणि इतकं वाटलं की मला त्याच्याकडे बघता येईना.

त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"गाडी बाकी चांगली केली तू," तो म्हणाला.