चार वाजताची नोंद

अंजलीचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोच्या स्टेशनबाहेर छत्री झटकत उभा होतो. "सुहासकाका, आई गेली. काल," ती म्हणाली. मग, "ती बोलली होती, सुहासला कळव, पण फ्युनरलला यायला फोर्स नको करू. त्याने काही बघितलं तरी त्याला ते नंतर आठवत नाही." अंजली इथेच जन्मलेली, ब्रिस्टलला इंजिनिअर आहे. आईचा निरोप तिने जसाच्या तसा पोचवला. त्यातला चावा तिला कळला की नाही कोण जाणे. मला कळला. नलूताईंनी मरतानाही मला सोडलं नाही... आणि सोडायला नकोच होतं.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इथे आलो, तेव्हा खोली त्यांनी शोधून दिली आणि पहिल्या थंडीत दिवंगत नवऱ्याचा कोटही काढून दिला. तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई, जिभेला हाड नाही, पण माणूस तापाने फणफणला की उशाशी हजर. तीन-चार वर्षांनी एकदा म्हणाल्या, "पाहुण्यासारखा किती दिवस राहणार आहेस रे इथे? चल माझ्याबरोबर." त्या कस्टडी व्हिजिटर होत्या. म्हणजे वस्तीतल्या साध्या नागरिकांनी दोघादोघांनी, न कळवता पोलीस स्टेशनात जायचं, कोठडीतल्या माणसांना भेटायचं, त्यांना पाणी, जेवण, डॉक्टर मिळतो का ते बघायचं आणि जे दिसलं ते फॉर्मवर लिहून दोघांनी सही करायची. पगार नाही, मान नाही. नलूताईंचा एकच नियम होता : ज्यांना तपासायला आलो त्यांचा चहा घ्यायचा नाही.

तो नियम मी मोडला. चार वर्षांपूर्वी, एका शनिवारी दुपारी. सार्जंटने चहा विचारला, मी नाही म्हटलं. त्याने परत विचारलं. दुसऱ्यांदा नाही म्हणणं माझ्या जिवावर येतं, घरून तसंच वळण. नलूताई कोठडीकडे गेल्या आणि मी काउंटरशी कप घेऊन उभा राहिलो. समोर रजिस्टर उघडं होतं. तीन नंबरच्या कोठडीपुढे लिहिलं होतं, चार वाजता : झोपलेला, ठीक. त्याखाली पाच वाजता : झोपलेला, ठीक. तेवढ्यात नलूताई परत आल्या. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं, छातीवरचं नर्सचं घड्याळ उचललं आणि मोठ्याने म्हणाल्या, "तीन वीस."

सार्जंटने हसून रजिस्टर मिटलं. तीन नंबरमधला माणूस दारू प्यायलेला नाही, डायबेटिक आहे, श्वासाला येतोय तो वास साखर वाढल्याचा आहे, हे त्या त्याला दोनदा सांगत होत्या. डॉक्टर निघालेत, तो म्हणाला. आम्ही बाहेर पडलो. गाडीत बसून त्यांनी फॉर्म भरला, खाली सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला.

माझा कायम राहण्याचा अर्ज तेव्हा सरकारदरबारी पडून होता. पोलिसांच्या विरुद्ध कागदावर नाव नको, एवढंच डोक्यात होतं.

"मी नीट नाही पाहिलं, नलूताई."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग कार्बन कॉपी फाडून पर्समध्ये ठेवली आणि गाडी सुरू केली.

तो माणूस साडेपाचला कोठडीत बेशुद्ध सापडला आणि चार दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारला. पुढे मृत्यूची चौकशी झाली. रजिस्टरप्रमाणे त्याला तासातासाला पाहिलेलं होतं. नलूताईंनी ताठ उभं राहून उलटं सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, आठवत नाही. त्या माणसाची बायको पहिल्या रांगेत मांडीवर त्याची टोपी घेऊन बसली होती. बाहेर येताना तिने विचारलं, "तुम्ही होतात ना तिथे?" मी म्हणालो, "सॉरी." तिला ते सांत्वन वाटलं असावं, तिने माझा हात हातात घेतला.

एकट्या बाईच्या शब्दावर काही ठरलं नाही. नलूताईंना मात्र पोलिसांचा विश्वास गमावल्याचं सांगून त्या कामातून काढलं. त्यांनी माझ्याशी बोलणं तोडलं असतं तर मी सुटलो असतो. त्या बोलवत राहिल्या. "घे, आमच्याकडचा चहा घ्यायला हरकत नाही," म्हणत कप पुढे करायच्या. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये नव्या लोकांशी ओळख करून द्यायच्या, "हा सुहास. नजर चांगली आहे याची, आठवण तेवढी कच्ची." सगळे हसायचे, मीही. माझा परवाना आला तेव्हा पेढे घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मिळालं ना? बरं झालं. त्या माणसाच्या जिवाचं काहीतरी व्हायलाच हवं होतं." मी पेढा खाल्ला. त्यांचा मला राग यायचा, फार राग यायचा... आणि तरी दर रविवारी मी जायचोच.

दोन आठवड्यांपूर्वी अंजली घर रिकामं करायला आली. तिने मला एक पाकीट दिलं. "तिने बोललं, हा पेपर सुहासला दे. आणि पेन पण दे, नाहीतर तो म्हणेल पेन नव्हता." आत ती कार्बन कॉपी होती. नलूताईंची सही, आणि खालच्या रिकाम्या रेघेवर पेन्सिलची बारीक फुली. वेळेच्या रकान्यात ठळक आकड्यांत तीन वीस.

परवा मी त्या फुलीवर सही केली. शेजारी तारीख घालायची होती. मागची घातली असती तर त्या सार्जंटच्या शेजारी जाऊन बसलो असतो, म्हणून परवाचीच घातली. त्या माणसाच्या बायकोचा पत्ता चौकशीच्या कागदांत सापडला, तो पाकिटावर लिहिला. मग पाकीट तसंच ठेवून आधी हा लेख लिहायला बसलो, त्या बाईंना वाचता न येणाऱ्या भाषेत. ही टाळाटाळ नलूताईंच्या लगेच लक्षात आली असती. पाकीट समोर टेबलावर आहे. अजून पोस्टाचं तिकीट लावलेलं नाही.