अल्माटीतला अर्धा कप चहा

मेलबर्नच्या टार्निट स्टेशनजवळच्या कॅफेत कॉफी मागताना मी 'फ्लॅट' म्हणालो आणि अडलो. पुढचा शब्द ओठांवर येतच होता, तेवढ्यात केतकीने माझ्या खांद्यामागून सांगून टाकलं, "फ्लॅट व्हाइट, स्किम मिल्क, वन शुगर." काउंटरवरची बाई 'नो वरीज' म्हणून कामाला लागली.

वर्षापूर्वी मेंदूला छोटासा झटका येऊन गेल्यापासून असंच चाललंय. हातपाय ठणठणीत, पण शब्द मध्येच दडी मारतात, आणि मग माझी मुलगी माझी वाक्यं पुरी करते. करते ती मायेनेच. पण शाळेतल्या कविता जन्मभर मोठ्याने म्हणत आलेल्या माणसाची वाक्यं दुसऱ्याच्या आवाजात संपायला लागली, की आतून काय होतं ते सांगता येत नाही.

त्याच कॅफेत टेबलाशी बसून मी ठरवलं. भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचंच होतं. केतकीच्या ऑफिसातली आयगुल मूळची कझाकस्तानातल्या अल्माटीची. त्या सुमारास तीही माहेरी असणार होती आणि तिने जेवायला बोलावलं होतं. मी म्हणालो, "जाऊ या. पण तिथे एक अख्खा दिवस माझं एकही वाक्य तू पुरं करायचं नाहीस."

"आणि अडलात तर?"

"तर अडेन. तू थांबायचंस."

"बाबा, मला पाच मिनिटंसुद्धा जमणार नाही ते!"

"मला जमतंय ना वर्षभर, तू बोलताना गप्प राहणं?" मी म्हणालो. तिने फोनवर तिकिटं बघायला घेतली.

तर मंडळी, दिल्लीहून अल्माटीला थेट विमान आहे, साडेतीन-चार तासांचं. टॅक्सी अ‍ॅपवरून मागवा, भाडं आधीच कळतं आणि घासाघीस टळते. सप्टेंबरअखेर गेलात तर सफरचंदांचा हंगाम मिळेल. स्वेटर मात्र हाताशी ठेवा. दुपारी ऊन, सावलीत गारवा.

सकाळी बागेतलं लाकडी चर्च पाहिलं. पिवळंधमक, जत्रेतल्या खेळण्यासारखं. खिळे न वापरता बांधलंय म्हणतात. तिथून केबल कारने टेकडीवर गेलो. शहर पायाखाली गेलं आणि समोर बर्फाची रांग उभी राहिली. तियान शान! चौथीत गुरुजींची छडी नकाशावर याच पर्वतावर टेकली होती, आणि खिडकीबाहेर बघणाऱ्या मला तीच छडी बसली होती. इतक्या वर्षांनी मी त्या छडीच्या टोकाशी उभा होतो. "केतकी," मी म्हणालो, "हा... हा बघ..." तिने ओठ घट्ट मिटले. मी सावकाश "तियान शान" म्हटलं. तिने श्वास सोडला.

मग ग्रीन बझार. शाकाहाऱ्यांनो, घोड्याच्या मांसाच्या भागातून मान खाली घालून पुढे व्हा. पुढे सुकामेवा, मध, लोणची असा स्वर्ग आहे. एका बाईंनी कुर्त हातावर ठेवलं. दिसायला फळ्याच्या खडूचा तुकडा, चवीला वाळवलेला खारट चक्का. दात सांभाळा. सफरचंदांच्या ढिगाशी माझा शब्दच हरवला. मराठी आठवेना, इंग्रजी आठवेना. केतकी पाठ फिरवून अक्रोड बघत बसली; बिचारीची मान ताठ झालेली. अखेर आयगुलने सकाळीच फोनवर शिकवलेला सफरचंदाचा कझाक शब्द सापडला, "आल्मा!" बाई हसल्या आणि पिशवी भरली. ती सफरचंदं तिथेच खाऊन संपवा हं, मेलबर्नच्या विमानतळावर आत येऊ देत नाहीत.

दुपारी आयगुलच्या घरी गेलो. तिच्या आईला सगळे आपा म्हणतात. टेबलावर गरम बाउरसाक, म्हणजे मैद्याचे तळलेले फुगीर गोळे, आणि साय. माझ्यासाठी मुद्दाम भोपळा भरलेले वाफवलेले मांती. आपांनी चहा दिला, तोही अर्ध्याहून कमी. मी पुण्याचा, अर्ध्या कपावरून आम्ही जगभर टोमणे खाल्लेले; इथे आपलेच भाऊबंद भेटले म्हणायचे! मी खुणेनेच वर बोट दाखवलं, भरा की पूर्ण.

आपांचा हात थांबला. आयगुल खो-खो हसली. "अंकल, आमच्याकडे भरलेला कप म्हणजे, प्या आणि निघा! कमी ओततो म्हणजे परत परत ओतायला मिळतं. पाहुणा बसून राहतो."

मी ओशाळून कप पुढे केला. आपांनी पुन्हा थोडासाच ओतला आणि डोळे मिचकावले.

जेवण झालं आणि आयगुल म्हणाली, "टेबलाशी सगळ्यांत मोठे तुम्ही. बाता तुम्हीच द्यायचा." बाता म्हणजे घराला आशीर्वाद. सगळ्यांनी ओंजळी पुढे केल्या. मी चौथीतली नदीची कविता सुरू केली, झोपेतही म्हणता येणारी. तिसऱ्या ओळीला वाट संपली.

केतकीला ती कविता पाठ आहे, मीच शिकवलेली. तिचे ओठ हलले, मग तिने खाली आपल्या उघड्या तळव्यांकडे पाहिलं. आपांचेही तळवे तसेच, आयगुलचेही. थोरल्याचं बोलणं संपेपर्यंत तिथे कुणी हात खाली घेत नाही. कुणाला घाई नव्हती.

कविता परत आली नाही. मग मी माझंच बोललो, एकेक शब्द शोधत. "या घरात... पाहुण्याचा कप... कधी... काठोकाठ भरू नये."

आयगुलने ते कझाकमध्ये सांगितलं. आपांनी "औमीन" म्हणजे तथास्तु म्हणत दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि बराच वेळ ते डोळ्यांवरच ठेवले.

टार्निटला परत येऊन महिना झाला. नदीची ती तिसरी ओळ अजून सापडलेली नाही. शोध चालू आहे, सोडणार नाही. परवा त्याच कॅफेत मी 'फ्लॅट' म्हणालो आणि अडलो. मागे रांग होती. शेजारी पाहिलं, तर केतकीने काउंटरवर दोन्ही तळवे उघडे ठेवले होते.

"व्हाइट," मी म्हणालो. "आणि घाई नाही, इथेच बसून पिणार आहोत."